जुलैची तारीख

आन्डाइक, ८ फेब्रुवारी १९८८

ती. आफ्के आत्यास,
वीबेचा सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, क्नेलिसच्या गोदामाच्या दारात. ट्यूलिपचे कंद शेतात गेले की त्याचं गोदाम रिकामं होतं आणि गावातल्या कॅराव्हॅन हिवाळ्यापुरत्या तिथे जाऊन बसतात, हे तुला सांगायला नको. आपली कॅराव्हॅन पोचवायला बाबांनी मला पाठवलं होतं. शेजारी जासिंता बसली होती. क्नेलिसने विचारलं, बाहेर कधी काढायची? मी म्हणालो, जुलैत सुट्टीला निघताना, नेहमीसारखी. ज्याची तारीख सगळ्यात उशिरा तो सगळ्यात आत, म्हणून त्याने ती पार मागच्या भिंतीला लावली.

परत येताना जासिंताने विचारलं, तुमच्याकडे जुलैत काय होणार ते ऑक्टोबरातच ठरतं का? मी हसलो. ती हसली नाही. कंद सोलायचा तिचा हंगाम संपला होता आणि ती ओल्यांवला, पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर आपल्या घरी परत चालली होती. माझ्या जुलैत ती कुठेच नव्हती.

जानेवारीत मी अध्यापक विद्यालय सोडलं, हे बाबांनी तुला कळवलंच असेल. पाठ घेत होतो, फळ्यावर नद्या काढत होतो. सगळ्या नद्या समुद्राकडे निघालेल्या आणि मी खडू धरून उभा. खडू ठेवला, कोट घेतला, सायकल काढली. बाबा म्हणतात माझं डोकं ठिकाणावर नाही. आहे ना, फक्त ते ओल्यांवला आहे.

आता मुद्द्याचं. जासिंताच्या भावाने तिच्यासाठी फ्रान्समध्ये हॉटेलात काम बघितलंय. ईस्टर झाला की ती जाणार. त्याआधी मला पोचायचंय. रेल्वे आणि भाड्याची खोली माझ्या खिशाला झेपणार नाही. पण त्या किनाऱ्यावर थंडीत तळ टाकून राहायची जागा अगदी स्वस्त मिळते म्हणे. आपले पेन्शनर उगाच जात नाहीत. माझी जुनी गाडी, आपलं ‘बदक’, अजून धावतंय, मागे कॅराव्हॅन जोडली की घर आणि स्वयंपाकघर दोन्ही झालं. बाबा म्हणतात, जुलैआधी ती हलणार नाही. पण ती अर्धी तुझी आहे. क्नेलिसला चार ओळी लिही, एवढंच मागणं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा
वीबे

---

झुत्फेन, १३ फेब्रुवारी

चि. वीबे यास,
आफ्के आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून, एकदा शाळेतली नर्स म्हणून. ताप आहे, पण औषध माझ्याकडे नाही.

क्नेलिसला लिहिलंय. कॅराव्हॅन अर्धी माझी खरी, पण पुढची अर्धी की मागची हे तुझ्या बापाने, सीमने, आणि मी कधी ठरवलं नाही, त्यामुळे फार आशा धरू नकोस. क्नेलिस बायकोचं ऐकत नाही तो माझं काय ऐकणार?

जायचंच असेल तर नीट जा. फ्रान्समध्ये टोलचे रस्ते टाळ, गावागावांतून जा. वेळ लागेल, पण तुला तसंही कुणी कामावर बोलावलेलं नाही. मार्चमध्ये स्पेनच्या डोंगरात अजून थंडी असते, लोकरी मोजे घे. आणि बटाट्यांची पोती नेऊ नकोस. तुझा बाप इथून बटाटे, कॉफी आणि चीज नेतो आणि येऊन सांगतो की परदेशी खाणं बरं होतं.

एक विचारते, राग मानू नकोस. ती तुला ये म्हणालीय का? की तू जातो आहेस म्हणून तिने तिथे असायचं, असं तूच ठरवलंस? तसं असेल तर तीही एक जुलैचीच तारीख झाली, बाळा.

मीही तुझ्या वयात तंबू घेऊन त्या किनाऱ्यावर एकटी गेले होते. परत आले तेव्हा सीमने माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. फार शांत महिना गेला.

थंडीला जप. तुझी काळजी करायला मला आवडतं, ती हौस अशीच पुरवत राहा.
आफ्के आत्या

---

आन्डाइक, २ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाने दोन दिवस तोंड कडू झालं. मग मी जासिंताला सरळ विचारलं. काल तिचं कार्ड आलं. लिहिते, ये किंवा नको असं मी सांगणार नाही. ईस्टरपर्यंत मी मासळीबाजारात मावशीच्या गाळ्यावर असते, गाळा सगळ्यांना माहीत आहे. मला एवढं पुरे आहे. तुला पुरे नसेल तर माझा नाइलाज आहे.

आता वाईट बातमी, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. क्नेलिस म्हणाला, तुझ्या आत्याला नमस्कार सांग, पण तुमच्या कॅराव्हॅनपुढे सगळ्या गावाच्या उभ्या आहेत. एकासाठी हलवली की सगळ्यांसाठी हलवावी लागते. मी म्हणालो, तू नको हलवूस, मी हलवतो. दारातल्या पहिल्या कॅराव्हॅनला खांदा लावला. ती हलली. जरा जास्तच हलली. उतारावरून गेली ती चाकासकट बांधालगतच्या पाण्यात. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मेइन्डर्टची होती. ट्रॅक्टर घेऊन बाबा आले, तिला बाहेर काढलं आणि तसेच ट्रॅक्टरवरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस. नेहमीसारख्या गोल खुर्च्या, कॉफी, प्रत्येकी केकचा एक तुकडा. येणारा प्रत्येक जण आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे बाबांचं अभिनंदन करतो, मग आईचं, मग माझं. मेइन्डर्टनेही केलं, आणि हात न सोडताच म्हणाला, आमच्या गादीत बेडूक निघाला. सगळे हसले. मग सुरू झाले. पोर्तुगीज पोरीला डच पावसाचा कंटाळा आला असेल, तुझा कंटाळा यायला किती वेळ? शिक्षक नाही झालास, निदान वाढपी हो. बाबा खाली मान घालून म्हणाले, तिथे जाऊन हा उपाशी मरेल, याला साधे बटाटे सोलता येत नाहीत.

मी उठलो आणि त्या गोलाच्या मध्ये उभा राहून म्हणालो, तुम्ही सगळे दर जुलैत फ्रान्सला जाता आणि तिथेही याच क्रमाने एकमेकांशेजारी बसता. हाच घोळका, फक्त अंगावर ऊन. मी बटाट्यांशिवाय जाणार, कॅराव्हॅनशिवाय जाणार, गरज पडली तर बदकात झोपेन.

आईने सगळ्यांना आणखी कॉफी दिली. तेवढंच.

तुझा तो तंबू अजून आहे का गं? पाणबुड्या भाच्यावर माया असू दे.
वीबे

---

झुत्फेन, ६ मार्च

चि. वीबेस आशीर्वाद.

हसून पोट दुखलं. बेडकाचं काय झालं ते कळव.

तंबू पाठवला आहे. एक काठी हरवली आहे, झाडूचा लांब दांडा चालतो. मीही तेच केलं होतं. डाव्या कोपऱ्यात गळतो, तिकडे डोकं करू नकोस.

गाळ्यावर ती नसली तरी लगेच मागे फिरू नकोस. मासे खा, समुद्र बघ. आणि जाताना बापावर ओरडू नकोस. त्याला ओरडता येत नाही, म्हणून तुला जिंकल्यासारखं वाटेल.

तू कुठेही तंबू ठोकलास तरी तुझीच,
आफ्के आत्या

---

बेल्जियमच्या हद्दीजवळ, १४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

निघालो. पेट्रोल भरतोय तेवढ्यात हे लिहितोय. तंबू मागच्या सीटवर आहे, आईच्या झाडूचा दांडा शेजारी. मोजे घेतलेत. पाऊस आहे, काचेवरचा वायपर एकच चालतोय आणि नेमका माझ्या बाजूचा नाही. तरी मला कधी एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं.

मेइन्डर्टच्या गादीचे पैसे मी भरून देणार आहे, तिथे काम मिळालं की. बेडूक सुखरूप.

पुढचं पत्र कुठून येईल ते मला माहीत नाही. तुझा लोभ मात्र पत्ता न विचारता येतो, तो तसाच येऊ दे.
तुझा
वीबे

ता. क. निघतानाचं सांगायचं राहिलं. सकाळी बदकात बटाट्यांची एक पिशवी दिसली. धुतलेले, एकेक निवडलेले. आई असं करत नाही, ती मातीसकट देते. मी पिशवी उचलून आत नेली आणि टेबलावर ठेवली. बाबा पेपर वाचत होते. ओरडलो नाही, तू बजावलं होतंस. म्हणालो, आभारी आहे, पण मी तिकडचंच खाणार. त्यांनी पेपर खाली केला. पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग क्नेलिसने विचारावं तसं विचारलं, मग कधी? जुलैत तुला धरायचं ना?

आत्या, जीभ आपोआप वळत होती. मी ती आवरली. या वेळी तारीख दिली नाही. पिशवीतला एक बटाटा तेवढा काढून कोटाच्या खिशात टाकला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.