फाटका कोपरा

१० फेब्रुवारी १९४२

डोळे चुरचुरत आहेत, तरी लिहिते.

जानरावकाकांनी शेलूच्या बाजारातून पेपर आणला. कमरेला खोचून आणतात, त्यामुळे पहिलं पान नेहमी घामाने ओलं! दुपारी अंगणात बायका मिरच्यांचे देठ तोडत बसल्या आणि मी ओट्यावरून वाचायला लागले. बाबांची आज्ञाच आहे — "तुले शिकवलं कायले? वाचून दाखव त्याईले." या घरात अक्षर शिकलेली मी पहिली बाई. त्याची परतफेड अशी दर आठवड्याला करावी लागते.

शेजारच्या गोजरामायचा नेहमीचाच प्रश्न — "नथ्थूचं गाव आलं का वो पेपरात?" नथ्थू तिचा एकुलता एक. ओढ्याकाठचा वांग्या-मेथीचा मळा टाकून पल्टनीत गेला, तो सिंगापुरात आहे.

आलं होतं. पण चांगलं आलं नव्हतं. जपानी फौजा सगळा मलाया घेत खाली उतरल्या. आपल्या पल्टनी सिंगापूरच्या बेटावर मागे आल्या आणि येताना मागचा, खाडीवरचा रस्ता सुरुंगाने उडवला. मी एवढंच वाचलं — "आपल्या पल्टनी बेटावर आहेत."

"मंग बरं हाय," गोजरामाय म्हणाली. "चारीकून पानी असलं म्हंजे कोन येते?"

देठ तोडता तोडता आवडाबाई म्हणाली, "त्या जर्मनीवाल्याले बायको नाही ना, म्हून हे सारं. घरी मिरच्या खुडायले बसवला असता तं एका दिवसात लढाई बंद!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

खोटं बोलले नाही. अर्धं बोलले.

११ फेब्रुवारी

खोटं बोलण्याचं पाप मोठं की गाळण्याचं? माझ्या मायला विचारलं. म्हणाली, "तिकडं भाजी जळून राह्यली."

१४ फेब्रुवारी

मानोऱ्याकडच्या तांड्याचा सोमला नाईक बाबांकडे आला होता. तांड्यात देवीची साथ आहे. एकेका झोपडीतून लेकरू गेलं, काहींतून दोन. तो हे रडून सांगत नव्हता. बैलाच्या किमतीबद्दल बोलावं तसं सांगत होता — त्याचीच मला जास्त भीती वाटली. टोचणारा माणूस अजून आलेला नाही. म्हणे लढाईमुळे माणसं कमी आहेत.

मी म्हटलं, "बाबा, पेपरला कळवू या."

"तांड्याची बातमी कोन छापते बाई?"

तरी बसून लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा नीट आलं. काका टपालात टाकणार आहेत. पेपरात आलं तर सरकारी माणूस धावत येईल असं मला उगीच वाटतं आहे.

२० फेब्रुवारी

पेपर आला. तांडा नाही. मागचं पानही पाहिलं, जाहिराती पाहिल्या. नाही. विलायतेत लोणी कसं मोजून मिळतं यावर मात्र अर्धा रकाना! तिथल्या बायकांचे कसे हाल होतात, त्या किती धीराच्या आहेत. असतीलही. त्यांचा मला राग नाही. पण लोण्याला अर्धा रकाना आणि लेकरांना एक ओळ नाही? मरणाला पेपरात जागा मिळायची तर मेलेल्याचं गाव आधीच प्रसिद्ध असावं लागतं काय?

आणि पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, घाईने चौकटीत बसवलेली तार — सिंगापूर पडलं.

बायका अंगणात येऊन बसत होत्या. गोजरामाय पदर खोचत होती. माझं वाचून झालं की काका पेपर नेतात आणि पारावर मोठ्याने वाचतात, हे मला माहीत. काही सुचलं नाही. कोपरा फाडला आणि ओच्यात खुपसला.

वाचायला सुरुवात केली. लोणी वाचलं. सोन्याचा भाव वाचला. वर पाहिलं तर गोजरामाय उभी. तिची नजर माझ्या तोंडाकडे नाही, पेपराकडे.

"कोपरा कुठी गेला?"

देवा! मी हे विसरलेच कशी? मरणाचं कार्ड आपल्याकडे कोपरा फाडूनच टाकतात. वाचता न येणाऱ्यालाही हातात पडताच कळावं म्हणून. लहानपणी मामाच्या गावाहून तसं कार्ड आलं, तेव्हा मायने ते घरात येऊ दिलं नव्हतं, उंबऱ्याबाहेरच फाडलं होतं. सगळं मला ठाऊक. आणि तरीही माझ्या शिकलेल्या हातांनी —

"काही नाही माय, उंदरानं —"

"मले अक्षर येत नाही पोरी. फाटका कोपरा वाचता येते."

आणि तिने हंबरडा फोडला. तसला आवाज मी माणसाचा ऐकला नव्हता.

मग मी ओच्यातून तो तुकडा काढला आणि सगळ्यांसमोर वाचला. शेवटच्या अक्षरापर्यंत. सिंगापूर पडलं. सरकारची फौज शरण गेली. हजारो शिपाई कैद झाले.

गोजरामायने माझं मनगट धरलं. "कैद म्हंजे? जिता?"

"जिता, माय."

"खाय शपथ."

"तुळशीची शपथ."

"मंग हरू दे!" ती ओरडली. "सरकार हरलं त हरलं! माह्यं पोट्टं जितं हाय!" आणि तिने डोळे पुसले — मिरचीच्या हातांनी! पुन्हा बोंब. आवडाबाई पाण्याचा लोटा घेऊन धावली. "येडी का खुळी वं तू! पोट्टा जिता निंगाला अन् मायच आंधळी होते आता!" साऱ्या हसत होत्या, रडत होत्या, शिंकत होत्या.

जे मी जिवापाड लपवत होते, तीच तिची आनंदाची बातमी निघाली.

२१ फेब्रुवारी

झोप लागली नाही. तारेत 'हजारो' आहे. नथ्थूचं नाव नाही. हजारोंतला एक मीच त्याला केलं आणि वर तुळशीची शपथ घेतली.

संपादक तांडा गाळतो म्हणून मी चिडले. मी कोण वेगळी? तो गाळतो कारण त्याला कोणी दिसत नाही. मी गाळते, आणि नसलेलं जोडते, कारण मला फार जवळून दिसतं — मिरचीने लाल झालेली बोटंसुद्धा. दोघांच्या वाचणाऱ्याला मिळतं काय? सारखंच.

३ मार्च

काल होळी झाली. गोजरामाय वांगी घेऊन आली. सगळ्या गावाला सांगते, "मारोतरावच्या पंचफुलानं वाचलं, माह्या नथ्थू कैदेत हाय." तिने नथ्थूची बाज बाहेर काढून उन्हात टाकली आहे.

सोमला नाईकाचा निरोप आला. देवी आता शांत झाली. "न्यायले लेकरंच नाही उरले."

पेपरात आज जावा बेट. तांडा नाहीच. मी पेपर खाली ठेवला आणि तांड्याचं तोंडानेच सांगितलं, घरं आणि आया यांच्यासकट. पहिल्यांदाच देठ तोडणारे हात थांबले. आवडाबाई म्हणाली, "इतक्या जवळ? अन् आमाले पत्ता नाही!"

पुढे काय? काही नाही. थोड्या वेळाने हात पुन्हा चालू झाले. मी इतके दिवस समजत होते की माणसांना कळलं की काहीतरी होतं.

१७ मार्च

पाडवा. गोजरामायने नथ्थूच्या वाट्याची साखरेची गाठी डब्यात ठेवली. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत.

२८ एप्रिल

पेपर येतो. वाचते. सगळं वाचते, सोन्याच्या भावासकट. रंगून, कोलंबो, मोठमोठे आकडे. आकड्यांना माय नसते.

आज गोजरामाय म्हणाली, "कैदेत जेवू घालत असतीन का वो?"

"घालतात," म्हणाले.

मला काय माहीत!

९ जून

गोजरामाय धावतच आली. पल्टनीचा कागद हातात, उंच धरलेला, चेहरा हसरा. "पाह्य पंचफुला, चारी कोपरे हायेत!"

साहेबाच्या कचेरीला आपली रीत कुठून ठाऊक असणार?

खाली मराठीत तीन ओळी होत्या. नथ्थू जानेवारीतच मारला गेला होता, मलायाच्या रानात. मी वाचताना तो उडवलेला रस्ता गाळला, त्याच्याही आधी.

"काहून चूप झाली? वाच ना."

मी कागदाचा कोपरा फाडला आणि कागद तिच्या हातात दिला.