मागची सीट

३ नोव्हेंबर, सोमवार

आणि मला टाकलं स्वयंपाकात! विचारलं कुणी? सहाशे किलोमीटर, नऊ दिवस, अंध शाळेच्या नव्या इमारतीसाठी सायकलवरून देणग्या मागत जायचं — आणि यादीत माझं नाव मागच्या टेम्पोत, पातेल्यांबरोबर. डॉक्टर म्हणाले, "मावशी, पन्नाशी आली, गुडघे सांभाळा." वीस वर्षं यांच्या इस्पितळाच्या ओल्या चादरी उचलतेय, तेव्हा नाही दिसले गुडघे.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी दोन सीटची सायकल आणली. पुढे डोळस माणूस, मागे आमचा दादा. इस्पितळात फोनवर बसतो, डोळे पार जाऊन बारा वर्षं झाली. पुढे कंपाउंडर बसला. एक चक्कर मारून दादा उतरला तो घामाघूम. "मुका आहे का गं तो? खड्डा आला की माझं बूड मला सांगतं." आता नाही जायचं म्हणतो. चार महिने तर दुसरं बोलणं नव्हतं. त्या शाळेनं त्याला चाळिशीत बोटांनी वाचायला शिकवलं, तिथल्या पोरांसाठी जायचंच म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार

इस्त्री करता करता आठवलं. मी दहाची, दादा चौदाचा. तासावर आणलेली मोठी सायकल. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून मारायची. दादा कॅरिअर धरून मागे पळायचा, तोंड अखंड चालू — "पुढे बघ, पुढे बघ, मी आहे." एका संध्याकाळी तो आवाज लहान लहान होत गेला. वळून बघितलं, तर मागे कुणी नाही. घाबरून कुंपणात घुसले. हनुवटीवरची खूण अजून आहे. आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी.

पण सायकल आली. आई येईल त्याला कौतुकानं सांगायची, यानं हात सोडला म्हणून ही शिकली. ऐकून ऐकून कंटाळायचे मी. आता सांगणारी राहिली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुढे मी बसते म्हटलं. वहिनी हसली. "वन्सं, तोंड चालतं तेवढे पाय चालतील का?"

बघूच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मैदानात चार फेऱ्या. दादा मागे. मी बोलतच होते — खड्डा, डावीकडे, ब्रेक, कुत्रं आहे, गेलं. उतरल्यावर म्हणाला, "कान किटले माझे." पण हसत होता. मी म्हटलं, बोलते तरी. तुझ्यासारखा हात नाही सोडत.

हसायचा थांबला. "मी सोडला नव्हता गं. चरात पडलो. संध्याकाळचं मला तेव्हापासूनच दिसत नव्हतं. सांगितलं नाही कुणाला. पडल्या जागेवरून ओरडत होतो तुला, पुढे बघ म्हणून."

चाळीस वर्षं! त्या दिवशी त्याचेही गुडघे फुटले होते. आईला म्हणाला होता, खेळताना लागलं.

"माझ्यापायी तू पडशील. टेम्पोतच बस," म्हणाला. यानंही टेम्पोतच बसवलं. मला!

१७ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पोतलं नाव खोडायला लावलं. पुढची सीट माझी, मागची रिकामी ठेवा म्हणून सांगून आले. वहिनीकडे चिठ्ठी दिली, त्याला वाचून दाखवायला. तीच इथे उतरवते —

दादा, यादी शुक्रवारी बंद होते. मागच्या सीटवर दुसरं कुणी बसणार नाही. पडलो तर दोघं पडू, लपवायला काही राहणार नाही. हो की नाही, गुरुवारी अंधार पडायच्या आत सांग.