अकराव्या भागातला गॅलरीतला माणूस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या खोलीत बसून वकिलांकडून लिहून घेत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल मात्र डॉक्टर फारसं बरं बोलले नाहीत, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणणारा अजून जन्माला यायचाय, हेही लिहा म्हटलं, तर वकील नको म्हणत होते. मी लिहायला लावलं.

१. माझं पायाचं शिलाई मशीन आणि कात्र्या मागच्या गल्लीतल्या शिवणवर्गाला द्याव्यात. कापडाच्या कात्रीने कोणी कागद कापला तर मी वरून बघत असेन.

२. ही खोली, गॅलरीसकट, माझे यजमान परत आल्यास त्यांची. ते येईपर्यंत ती विकू नये, भाड्याने देऊ नये. वकील म्हणाले, ‘बाई, सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो कायद्याने गेला असं धरतात. तुमच्या यजमानांना सदतीस झाली.’ कायद्याने काय धरायचं ते धरावं. मी धरलेलं नाही.

३. ते आले तर त्यांना ओळखायचं कसं, हे माझ्यामागे कोणाला ठाऊक असणार? फोटो एकच होता, तो पोलिसांनी नेला आणि हरवला. उरली ती कॅसेट.

हे गेले त्या वर्षी आमच्या इमारतीत टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिकेचं चित्रीकरण झालं. गुन्हेगार राहतात तशी कळकट इमारत त्यांना हवी होती, ती आमची निघाली. मालिका खोटी वाटायची नाही. तिच्यातला साहेब दाढी न करता हिंडायचा, खोकायचा, संशयिताच्या कानफटात द्यायचा, आणि निम्म्या वेळा भलत्याच माणसाच्या. अकराव्या भागात तो आमच्या अंगणात दबा धरून बसतो. चित्रीकरण चालू असताना गॅलरीत यायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. पण आमच्या यांनी कधी कोणाचं ऐकलंय? साहेबाच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, हे दारातून बाहेर येतात. अंगात रंगकामाला जायचा सदरा, रंगाचे डाग पडलेली विजार. हातात डबा नाही, ब्रश नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. वळून आत बघतात, मला काहीतरी म्हणतात, आणि जिन्याकडे जातात. दिग्दर्शकाला ते आवडलं असावं, त्याने तसंच ठेवलं.

त्या दिवशी गेले ते गेलेच. मी आत मशीनवर होते. खडखडाटात मला त्यांचे शब्द ऐकूच आले नाहीत.

शेजारच्या खोलीच्या दाराआड माझी थोरली जाऊ उभी होती. तिने पहिल्याच आठवड्यात इमारतभर सांगितलं, ‘जातो म्हणाला तो. माझ्या कानांनी ऐकलं.’ घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणणाऱ्याला परत यायचं नसतं. हे काय तिला कळत नव्हतं? त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. मधे एक भिंत, पण गरजेपुरतं सुद्धा तिच्या पोराकरवी.

पुढे मालिकेच्या कॅसेटी विकायला आल्या, तेव्हा मी सगळा संच घेतला. यांचा आवाज साहेबाच्या खोकल्याखाली आहे. मला तिथे ‘येतो गं’ ऐकू यायचं. पुतण्या, म्हणजे जाऊचा मुलगा, म्हणायचा, ‘काकू, नीट कळत नाही.’ मी म्हणायचे, कान धुऊन ये.

४. त्या वेळच्या फौजदारांना माझ्याकडून काहीही मिळू नये. मी कॅसेट घेऊन चौकीवर गेले होते. ‘हे बघा, हा माझा माणूस’ म्हटलं, तर ते म्हणाले, ‘मग त्या टीव्हीतल्या साहेबाकडेच जा, बाई. तो प्रत्येक भागात एकाला शोधतो.’ सगळी चौकी हसली. गंमत अशी की मी खरंच त्या साहेबाकडेच गेले. सगळे भाग पुन्हा पुन्हा पाहिले. त्याला सगळे सापडतात, डोक्यावर उभा असलेला तेवढा दिसत नाही.

५. कॅसेट मागेपुढे करून करून झिजली. आता त्या जागी आधी खरखर होते, आणि मग नुसतं ‘…तो गं’ राहतं. पहिलं अक्षर गेलं. सगळं आयुष्य ज्याच्यावर टेकवलं होतं ते तेवढं एक अक्षर. मला झोप लागेना, अन्न जाईना. आपल्याला पूर्वी जे ऐकू यायचं ते खरंच होतं का, हेही सांगता येईना.

पुतण्याने डीव्हीडीचा नवा संच आणला. ‘काकू, सगळं स्वच्छ केलंय, आवाजसुद्धा.’ त्यानेच लावून दिली. रुंद टीव्हीला बसावं म्हणून चित्र वरून आणि खालून छाटलं आहे. साहेबाच्या दाढीचा केस न् केस दिसतो. वर गॅलरीत यांचे पाय. गुडघ्याखालचे. आणि आवाज स्वच्छ करताना मागचं सगळं पुसून वाद्यं घातली आहेत. पोराने मायेने आणलं होतं. तो संच त्याचा त्याला द्यावा. मी मोरीत नळ सोडून रडले, हे लिहू नका म्हटलं होतं. वकिलांनी लिहिलं.

६. आज साक्षीदार हवे म्हणून तळमजल्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुसरी माझी जाऊ, कारण ऐन वेळी हाकेच्या अंतरावर तीच होती. दुरुस्तीवाल्याने कॅसेट लावायचं जुनं यंत्र कसंबसं चालू केलं. सगळ्यांनी पाहिलं. ‘…तो गं.’

तेव्हा मी तिला विचारलं. माझा मान गेला तरी चालेल असं वाटलं. ‘जाऊबाई, माझं काही खरं नाही आता. ऐकलेलं माणूस तुम्ही एकट्याच. काय म्हणाले होते ते?’

टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, ‘येतो म्हणाला. मीच तेव्हा चुकीचं ऐकलं गं.’

या बाईला मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. पडली तरी नाक वर. भाजी खारट झाली तर मिठाला बोल लावील. ‘माझं चुकलं’ हे तिच्या तोंडून तिच्या सख्ख्या मुलानेही ऐकलेलं नाही. आज ते ती चार माणसांत बोलली, माझ्यासाठी. त्यावरून मला कळलं हे काय म्हणाले होते ते.

सबब कलम दोन रद्द समजावं. ही खोली गॅलरीसकट माझ्या थोरल्या जाऊला, कोणतीही अट न घालता. भिंत पाडायची तर पाडावी. ज्याला मिळायचं त्याने साक्ष करायची नाही असं वकील म्हणाले, म्हणून ती खुर्चीवरून उठली आणि तिनेच खाली वाकून औषधांच्या दुकानदाराला हाक मारली.

कॅसेटींचं काय करावं हे मला ठरवता आलेलं नाही. टाकू मात्र नयेत.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, ते मी सांगितलं तसंच आहे. सहीपूर्वी वकिलांनी विचारलं, ‘बाई, नावाआधी सौ. लिहू की श्रीमती?’

दारातून जाऊ म्हणाली, ‘सौ. लिहा हो. विचारताय काय?’

मी म्हटलं, श्रीमती लिहा.

मृत्युपत्र करणारीची सही: श्रीमती (सही केली आहे)

साक्षीदार:
१. टीव्ही दुरुस्तीवाला, तळमजला (सही)
२. औषधांचे दुकानदार, रस्त्याकडची बाजू (सही)

स्थळ: राहती खोली, वरचा मजला
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार