ओवाळायचं ताट

आमदारसाहेबांना सुगंधाबाईचा रामराम.

तीन वर्षांमागं आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याची फीत तुम्ही कापली, तेव्हा तुम्हाला माझ्याच चांदीच्या ताटानं ओवाळलं होतं. तुमची जीप गेली आणि दवाखान्याला कुलूप लागलं. डॉक्टर काही आला नाही.

गेल्या पौषात माझी सून बाळंतपणात अडली. केळीच्या ट्रकमध्ये पाल्यावर निजवून तिला जळगावच्या खाजगी दवाखान्यात नेलं. दोन्ही जीव वाचले, पण बिलापायी ताट सोनाराकडे गेलं. नातवापुढं ताटाचं काय दुःख? पण गावात फुकट व्हायचं ते बाळंतपण ताट घेऊन गेलं, याचा राग आहे.

मंगळवारी तुम्ही मतं मागायला येताय. सरपंच म्हणाले, "अक्का, ओवाळाले तुम्हीच पाहिजे." मी लगेच हो म्हटलं. पण मी सभेच्या पारावर येणार नाही, दवाखान्याच्या दारात उभी राहीन. बाकीच्या बायाही तिथंच येणार आहेत.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचलंत तर सोमवारीच कुलूप काढायला लावाल, आणि मला ते जागेवर हवंय. पहिलं कुंकू त्याला लावीन, दुसरं तुम्हाला. ताट मात्र या वेळी चांदीचं नाही, साध्या जर्मनचं असेल.

तुमची वाट पाहणारी,
सुगंधाबाई