मी फक्त तुझे अवगुण सांगितले

प्रिय अण्णा,

काल तुझ्यासाठी घरी प्रार्थना झाली. तुला दिलेला शब्द मी पाळला. आरोग्यम् वहिनी म्हणते, मोडला. आता निकाल कोण देणार? तूच तर निघून गेलास! म्हणून लिहायला बसले.

शब्द तरी कसला घेतलास! "सखू, मी गेल्यावर माझं पुण्य कोणी उगाळूं नक्को. माणूस तरतो तो ख्रिस्तावरच्या श्रद्धेनं, आपल्या करणीनं नव्हे." तू तरुणपणीच लूथरन ख्रिस्ती झालास, वहिनी जन्माची कॅथलिक. दोघांपैकी कोणत्याही बाजूचं माणूस बोललं असतं तरी दुसरी बाजू रुसली असती. म्हणून बोलायचं काम हिंदू बहिणीच्या गळ्यात! फार हुशार होतास हं.

इडल्या थंड होईपर्यंत तुमचं हेच चालायचं. "नुसती श्रद्धा काय चाटायची? भुकेल्याला भात घाला आधी," ती म्हणायची. "भात घालावा की, पण त्याची पावती देवाकडे मागूं नये," तू म्हणायचास. एकदा मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, हा तंटा आपल्या गावच्या अय्यंगार वैष्णवांतही जुनाच आहे. देव ही आई; माकडाचं पिल्लू स्वतः तिला घट्ट धरतं, मांजराचं नुसतं तिच्या तोंडात लोंबकळतं. तू लगेच म्हणालास, "मी मांजराचं पिल्लू!"

"मग दिवसभर उड्या कां मारतां?" वहिनीनं विचारलं. तुला ठसकाच लागला होता, आठवतं?

पण तू गेल्यापासून ती गप्प झाली रे. परवा फक्त एवढंच बोलली, "यांनी केलेलं सगळं सांग, सखू. एकही सोडूं नक्को. देवानं ऐकायला हवं." तिला भीती वाटत होती. करणी सांगितलीच नाही तर तिथं तुझं काय होईल? आणि तुमचे रस्ते निराळे, मग पुन्हा गाठ तरी पडेल का? सांग बरं, मी कोणाचं ऐकायचं होतं?

काल प्रार्थना झाल्यावर मी उभी राहिले आणि तुझे अवगुण सांगायला लागले. हो, अवगुण! पुण्य सांगायचं नाही, एवढंच ठरलं होतं ना? म्हटलं, अण्णा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, पण मुलखाचा वेंधळा. दर पावसाळ्यात छत्री हरवायचा. रविवारी कधी वेळेवर जेवायला आला नाही. बावन्नच्या वादळानंतर तर घरातली भांडी कुठं घालवली कोण जाणे!

"हरवली नव्हती!" मागून आवाज आला. वहिनी पदर खोचून उभी. "छत्री पापनाशमच्या बाळंतिणीला दिली! आणि जेवायला उशीर व्हायचा, कां की स्वामीमलैच्या मूर्ती घडवणाऱ्या ओताऱ्यांचे भाजलेले हात बांधत बसायचे हे! भांडी चोळपुरमला गेलीं, तिथं घरं पडलीं होतीं!"

मी अवगुण सांगावा, तिनं तो खोडून काढावा. लोक आधी चपापले, मग हसले, मग डोळे पुसायला लागले. तुझे पाद्रीसुद्धा! फार आठवण आली रे तुझी.

सगळे गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "सखू, हे असतील तिथं मला घेतील ना?"

मला काय ठाऊक, अण्णा? मी तुझ्या ख्रिस्ताच्या देवळात फार तर नाताळचा केक खायला आलेली. म्हटलं, "वहिनी, एवढं भांडण अर्धवट ठेवून देव तुम्हांला वेगळं बसवेल होय?" ती हसली नाही, पण रात्री जेवली.

आज सकाळी कॉफी देताना मी मुद्दाम म्हटलं, "काही म्हणा, करणीनं माणूस तरत नाही." तिनं पेल्याखालचा डबरा खाली आपटला. "कोण म्हणतो?" आणि काय सुटली म्हणतोस! मला एक वाक्य धड बोलू दिलं नाही. किती दिवसांनी घरात आवाज झाला!

तेव्हा हे वचन घे. ती तुझ्याकडे येईपर्यंत रोज सकाळी तुझी बाजू मी लढवेन. आणि रोज हरेन.

तुझी,
सखू