बिचारं घड्याळ

सोमवार, ४ मार्च

नापास! आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला आज घड्याळाच्या चित्रात नापास केलं!

विसराळूपणाची तपासणी म्हणून चिरंजीव आम्हाला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरबाई तरुण, गोड बोलणारी. ह्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. ‘काका, एक गोल घड्याळ काढा, आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’ ह्यांनी झरझर गोल काढला. वर बारा. आणि मग उजवीकडे अकरा, दहा, नऊ... सगळे आकडे उलटे! काटेही त्याच हिशोबाने.

मला हसूच आलं. आमच्या न्हाणीघरातलं घड्याळ आहे ते! एक न्हावी दुकान बंद करत होता, त्याच्याकडून ह्यांनी आणलेलं. गिऱ्हाइकाला आरशातून वेळ दिसावी म्हणून मुद्दाम उलटं केलेलं. ते आमच्याकडे दाढीच्या आरशासमोर टांगलंय. इतकी वर्षं रोज सकाळी हे तेच बघतात.

डॉक्टरबाई हसली नाही. मुलगाही नाही.

हे महिना चुकले. तिने सांगितलेले शब्द थोड्या वेळाने विचारले तर एकही आठवला नाही. पण मलाही कुठे आठवत होते!

गाडीत मुलगा म्हणाला, ‘आई, आता तरी मान.’

मानायचं काय, तर ह्यांना एका वृद्धनिवासात ठेवायचं. गावाबाहेर आहे, स्वच्छ आहे, तो बघून आला. अशा माणसांसाठी वेगळा विभाग, तिथे एकच जागा रिकामी. ह्यांच्यापुरती. मी मुलाकडे राहायचं आणि रविवारी भेटायला जायचं. रविवारी भेटायला जाणारी बायको मी कधीच नव्हते.

मंगळवार, ५ मार्च

सकाळपासून घरातली घड्याळं बघत बसले.

दिवाणखान्यात गोळ्यांचं घड्याळ. दर मिनिटाला एक लोखंडी गोळी घरंगळत खाली येते, गोळ्या मोजायच्या आणि वेळ सांगायची. त्याच्या शेजारी काचेच्या नळ्यांचं. नळ्यांत निळं पाणी चढतं. झोपायच्या खोलीत चाकांचं गजराचं घड्याळ – वाजलं की टेबलावरून उडी मारून पळतं, पलंगाखाली जाऊन ओरडतं. नवीन आणलं होतं तेव्हा आम्ही दोघं त्याच्यामागे रांगायचो, हसून हसून पोट दुखायचं. आता मी एकटी काठीने ओढून काढते. ह्यांच्या मनगटावर काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसते लाल ठिपके. ते जोडून वेळ काढायची. मला आजवर जमलं नाही.

सूनबाई म्हणते, ‘आई, तुमच्याकडे किती वाजले विचारलं की कोडं घालतात!’

हे म्हणायचे, ‘घड्याळाने वेळ दाखवली यात काय मोठंसं? कशी दाखवली ते बघ!’

अशा माणसाला साधं घड्याळ काढता आलं नाही म्हणून वेडा ठरवायचं?

शुक्रवार, ८ मार्च

कोणाला न सांगता न्हाणीघरातलं घड्याळ काढलं, कापडी पिशवीत घातलं आणि दवाखाना गाठला.

दारावरच्या रखवालदाराने अडवलं. ‘बाई, पिशवीत टिकटिक कसली?’ सगळे लोक मागे सरले! पिशवी उघडून दाखवली. त्याने मान वाकडी करून बघितलं. म्हणाला, ‘अहो, हे बिघडलंय.’ म्हटलं, ‘नाही हो, ते असंच आहे.’ तर म्हणाला, ‘मग कंपनीला परत द्या.’

डॉक्टरबाईने बेसिनच्या आरशासमोर धरून बघितलं आणि खुदकन हसली. खूप बरं वाटलं. ‘काकू, चित्राचे मार्क मी बाजूला ठेवते. पंचवीस तारखेला पुन्हा बघू. पण बाकीचंही आहे ना, काकू.’

बाकीचं मी ऐकलंच नाही.

मुलाला कळलं तेव्हा त्याचा लगेच फोन. ‘आई, तू डॉक्टरकडे पुरावा घेऊन गेलीस? ती जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार आहेत.’

ठेवू देत.

सोमवार, ११ मार्च

शाळा सुरू केली.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या गणिताच्या सिस्टर म्हणायच्या, ‘पेपरात काय येणार ते ठाऊक असेल तर गाढवही पहिलं येतं.’ मला ठाऊक आहे काय येणार. अकरा वाजून दहा मिनिटं.

डब्याचं झाकण दिलं गोल काढायला. आधी बारा, मग खाली सहा, मग तीन, मग नऊ. सिस्टर नकाशा असाच शिकवायच्या, आधी चार दिशा. ह्यांनी सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने कोंबले. डावी बाजू रिकामी. उलटंसुद्धा नाही. काहीच नाही.

म्हटलं, ‘अहो, इकडे कोण राहणार?’

‘इकडे चाकं येतील.’

मंगळवार, १२ मार्च

पुन्हा चाकं काढली. चार.

गुरुवार, १४ मार्च

मला वाटतं घरातल्या घड्याळांमुळेच गोंधळ होतोय. आज हे झोपले असताना सगळी उतरवली. गोळ्यांचं, नळ्यांचं, चाकांचं, न्हाणीघरातलं उलटंही. कपाटात चादरींच्या मागे ठेवली. मनगटावरचंही सोडवलं. तिथली कातडी पांढरी, मऊ, लहान मुलासारखी. हात धरून बसले थोडा वेळ.

भिंतींवर चौकोनी डाग राहिलेत.

हे उठले आणि एका डागासमोरून दुसऱ्या डागासमोर गेले. डागावर हात फिरवून बघितला. रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवार, १६ मार्च

बाजारातून साधं घड्याळ आणलं. पांढरी तबकडी, काळे आकडे, दोन काटे. दुकानदार म्हणाला, ‘शाळेत लावायला का?’ म्हटलं, ‘हो.’

दिवाणखान्यात टांगलं. हे हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात, जणू त्याला ऐकू जाईल म्हणून –

‘बिचारं! याला काहीच येत नाही गं.’

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग येऊन म्हटलं, ‘चला, पेन्सिल घ्या.’

मंगळवार, १९ मार्च

हे पुढे जातायत का मागे, काही कळत नाही. काल गोल आणि बारा छान आले. आज मला सरळ ‘सिस्टर’ म्हणाले. चेष्टेने म्हणाले असतील. पूर्वी मी फार टापटीप केली की ‘आली कॉन्व्हेंट!’ म्हणायचे. पण आज डोळ्यांत हसू नव्हतं.

दुपारी कपाट उघडं! नळ्यांचं घड्याळ जमिनीवर, शेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली रिकामी. निळं पाणी कमी झालं होतं म्हणून हे औषध ओतत होते. नळ्या लाल, चिकट, बंद. ‘याची पातळी बघायला हवी होती, तू बघत नाहीस,’ म्हणून मलाच रागावले.

मुलाचा फोन आला तेव्हा म्हटलं, सगळं ठीक आहे. मी खोटं बोलले तर सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. आता कोणी मारत नाही, हीच पंचाईत.

शुक्रवार, २२ मार्च

जमलं!!

गोल, बारा आकडे, सगळे आपापल्या जागी. लहान काटा अकरावर, मोठा दोनवर. चाकं नाहीत. मी लाल पेन्सिलीने कोपऱ्यात चांदणी काढली. हे इतके खूश झाले की लगेच दुसरं काढलं, त्यावरही चांदणी मागितली. मग तिसरं.

रात्रीचं जेवण होईपर्यंत टेबल भरलं. सगळीकडे अकरा दहा.

सोमवार, २५ मार्च

पास.

मी शेजारीच होते. डॉक्टरबाई म्हणाली, ‘काका, घड्याळ काढा आणि...’ तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ह्यांनी सुरुवात केली. बारा, सहा, तीन, नऊ. माझे ओठ हलत होते, माझ्या लक्षात आलं तेव्हा पदर तोंडाशी धरला. काटे अगदी बरोबर. हे कागदाचा कोपरा बोटाने ठोकत तिच्याकडे बघत राहिले. चांदणीची वाट बघत होते. तिला काय कळणार!

शब्द नाहीच आठवले. पण महिना आठवला. तोही मी पाठ करून घेतला होता, पायऱ्या चढताना.

‘मागच्यापेक्षा खूपच चांगलं आहे,’ ती म्हणाली, जरा नवलाने. ‘सहा महिन्यांनी या. घरीच राहू देत, हरकत नाही.’

मुलाने बाहेर आल्यावर ह्यांना मिठी मारली. इतका मोठा पुरुष, हमसून रडला. ‘बाबा, मी किती घाई करत होतो!’ ह्यांनी त्याची पाठ थोपटली. मग मला हळूच विचारलं, ‘हे गृहस्थ का रडतायत?’

मी म्हटलं, ‘आनंदाने.’

मुलाने ऐकलं नाही. देवाची कृपा की अवकृपा, कळत नाही.

मंगळवार, २६ मार्च

मुलाने निवासात कळवून टाकलं. जागा लगेच दुसऱ्या कोणाला दिली म्हणे. फोनवर इतका मोकळा आवाज त्याचा किती महिन्यांत ऐकला नव्हता. ‘आई, तूच बरोबर होतीस. मला माफ कर.’

मी ‘चल रे!’ म्हणून विषय बदलला.

बुधवार, २७ मार्च

दूध तापवता तापवता सवयीने हाक मारली, ‘किती वाजले हो?’ पूर्वी असं विचारलं की भाषण व्हायचं, दूध उतू जायचं.

हे ताठ उभे राहिले. हात सरळ खाली. ‘अकरा वाजून दहा मिनिटं.’

सकाळचे सात होते. साधं घड्याळ समोर होतं, सात दाखवत.

दुपारी विचारलं. अकरा दहा. दिवे लागल्यावर विचारलं. अकरा दहा. दर वेळी उत्तर देऊन माझ्या तोंडाकडे बघतात. मी दर वेळी म्हणाले, ‘शाब्बास.’ दुसरं काय म्हणणार?

मी ह्यांना काही शिकवलं नाही. जे थोडं उरलं होतं ते खरवडून काढलं आणि तिथे एक घड्याळ टांगलं.

कपाटातून गोळ्यांचं बाहेर काढून पुन्हा लावलं. हे वळूनही बघेनात. पेन्सिल मागत होते.

गुरुवार, २८ मार्च

दर दोन ओळींनंतर उठून दाराची कडी बघून येतेय.

औषधं आणायला मी खाली कोपऱ्यावर गेले होते. जेमतेम एवढंच. परत येते तर जिन्यात आरडाओरडा. आमच्या मजल्यावरचं लिफ्टचं दार उघडं – आणि लिफ्ट खाली! ह्यांनी लिफ्टच्या दाराची जुनी तिकोनी किल्ली कुठूनतरी शोधून काढली होती आणि दार उघडून त्या खड्ड्याच्या काठावर उभे होते, चपलांची पुढची टोकं पोकळीत. इमारतीच्या रखवालदाराने मागून सदऱ्याची कॉलर घट्ट धरलेली. ‘काका, मागे या ना! काका, पाया पडतो!’

हे शांत. ‘अरे, दोर बघतोय. ओरडतोस कशाला? माझं काम आहे हे.’

मी ‘अहो’ म्हणाले. एवढंच. ते वळले, मला बघितलं आणि तोंडभर हसले. ‘सिस्टर, अकरा दहा!’

रखवालदार म्हणाला, ‘बाई, मुलाला बोलवा. एकट्याने नाही व्हायचं तुम्हाला.’ म्हटलं, मुलाला सांगू नकोस, घाबरेल उगाच. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच त्या काठावर उभी होते.

किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये आहे. टोचतेय.

शुक्रवार, २९ मार्च

डॉक्टरबाईंना फोन केला. म्हटलं, परीक्षा पुन्हा घ्या. या वेळी वेगळी वेळ काढायला सांगा आणि कुठली ते मला कळू देऊ नका. ह्यांना मुलगा घेऊन येईल. मी येणार नाही.