बंद खोलीतला गोवर

आई, तू पदराला कधी पिन लावायची नाहीस. लग्नकार्यात पंगतीला वाढताना तुझा पदर सारखा घसरायचा, आणि तू तो कोपराने अंगाशी दाबून धरायचीस. मी कॉलेजात जायला लागल्यावर एकदा वैतागून म्हटलं होतं, एक पिन लावली तर काय बिघडतं तुझं? तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "लावली होती एकदा. बिघडलं." त्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा ठाऊक होता, आपल्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होता. तो अर्थ साफ चुकीचा होता, हे तू गेल्याला बारा वर्षं होऊन गेल्यावर आता कळलं आहे. आणि मी संतापले आहे. रोजच्या वहीत चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कुणावर संतापले आहे तेच ठरेना, म्हणून आज तुलाच लिहिते आहे.

आपली धाकटी, माझी बहीण, आता आई होणार आहे. तिसरा महिना सुरू आहे. ती अजून गुलमंडीतल्या त्याच दुकानात साड्यांना फॉल-पिको करते, आणि तिच्या हातचा फॉल बायका मागून घेतात. नवरा तिच्या हातांची भाषा शिकला आहे, चुकत-माकत बोलतो, दोघं हसतात. अडचण सासूबाईंची आहे. गेल्या महिन्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. पण तुमच्या आईनं ग्रहणात पिन लावली म्हणून ही अशी जन्मली, हे तुमच्याच माणसांनी सांगितलं आम्हाला. असा दोष पुढं उतरतो. एक मुकी आम्ही सून म्हणून घेतली, कधी बोलले का मी? पण अजून एक नको. आत्ताच मोकळं केलेलं बरं."

धाकटी समोर बसून आमच्या ओठांकडे पाहत होती. 'मोकळं' हा शब्द तिने ओठांवरून टिपला, आणि माझ्याकडे पाहून हातांनीच विचारलं, कशातून? मी तिला खूण केली, आधी डॉक्टरांकडे जाऊ.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी एक गोष्ट केली जी आपल्याकडे फारशी कुणी करत नाही. प्रश्न माझ्याकडे पाहून विचारले नाहीत, धाकटीकडे पाहून विचारले, आणि मी हातांनी ते तिच्यापर्यंत पोचवेस्तोवर थांबल्या. जन्मापासून ऐकू येत नाही? हो. डोळ्याचं ऑपरेशन कशाचं? मोतीबिंदूचं, तान्ही असतानाच. हृदयाचं काही सांगितलं होतं? तिला ते ठाऊक नव्हतं, मी सांगितलं, लहानपणी छातीत वेगळा आवाज येतो म्हणाले होते. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर उतरवलं. मग म्हणाल्या, "हिच्या वेळी पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या आईंना ताप आला होता? अंगावर पुरळ?"

माझ्या तोंडात 'नाही' आलंच होतं. कारण आपल्या घरात या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच होतं. मग मला भाकरी आठवली.

मी चौदा वर्षांची आहे. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झालेत. छावणीजवळच्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत तू चुलीसमोर बसली आहेस आणि परातीतल्या पिठाकडे नुसतीच पाहते आहेस. "बोटं वळंनात गं," म्हणतेस, "सांधे ठणकायलेत. तू थाप आज." मी थापलेली भाकरी तव्यावर फाटते, तू हसतेस. चुलीच्या उजेडात तुझा चेहरा बारीक बारीक लाल ठिपक्यांनी भरलेला दिसतो. कानांमागं गाठी आल्यात म्हणून तू मान ताठ धरली आहेस. दोन-तीन दिवसांत सगळं जातं. आजी म्हणते, उष्णता झाली, सब्जा पी.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याआधी घरात कुणा लेकराला गोवरासारखं काही? आणि मग आई, ती खोली आठवली.

दिवाळीतलं ते सूर्यग्रहण. तुला दिवस गेलेले नुकतेच कळले होते. काकू दिवाळीसाठी खुलताबादेहून लेकरं घेऊन आली होती. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला अंगभर पुरळ उठलं होतं आणि आजीने उंबऱ्याला लिंबाचा पाला लावला होता. मेंढरांमागं हिंडत आयुष्य गेलेल्या आपल्या आजीचे नियम पक्के होते. पोटुशीवर ग्रहणाची सावली नको. अंगावर देवी आलेल्या लेकराला उन्हाची तिरीप नको. खोल्या दोनच, त्यातली आतली अंधारी. मग आजीने तेच केलं जे तिच्या जागी त्या दिवशी कुठल्याही आजीने केलं असतं. खिडकीला घोंगडी लावली, तुला चटईवर सरळ निजवलं, हलायचं नाही, चिरायचं नाही, टोचायचं नाही म्हणून बजावलं, आणि ती तापलेली पोर तुझ्या कुशीत दिली. दार लावून घेतलं. आतून तुझा गोष्ट सांगण्याचा आवाज यायचा आणि मधूनच पोरीचा खोकला.

ग्रहण सुटल्यावर दार उघडलं तेव्हा आजीने आधी काय पाहिलं? पोरीच्या फ्रॉकचं बटण तुटलं होतं आणि तिथे तू तुझ्या पदराची पिन लावली होतीस. तिला थंडी वाजत होती म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते तुलाही सांगते, तुला कुणी सांगितलंच नाही. या आजाराला रुबेला म्हणतात, जर्मन गोवरही म्हणतात. लेकरांना तो येतो आणि जातो, खोकल्यातून पसरतो. मोठ्या बाईलाही फारसा त्रास देत नाही, थोडं पुरळ, गाठी, सांधे दुखणं. पण पहिल्या तीन महिन्यांत झाला तर त्याचा विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो, आणि डोळे, कान, हृदय असं जे जे तेव्हा घडत असतं त्यालाच धरतो. "एवढ्या वर्षांनी छातीठोकपणे सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, आणि तुम्ही सांगता ते जुळतंय. हे रक्तातून उतरणारं दिसत नाही." मी विचारलं, तेव्हा काही करता आलं असतं का? त्या म्हणाल्या, पोट राहण्याच्या बऱ्याच आधी एक लस टोचली असती तर बहुतेक झालंच नसतं. लस तेव्हाही होती. आपल्यासारख्यांच्या मुलींपर्यंत आली नव्हती.

मी स्वतःवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी विचारलं म्हणून तर मला ठिपके आठवले नाहीत ना, असं वाटून दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी खुलताबादला काकूकडे गेले. ती आता थकली आहे, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मी काही न सुचवता नुसतं विचारलं, त्या ग्रहणाच्या दिवाळीत तुझ्या पोरीला काय झालं होतं?

"गोवर की," काकू लगेच म्हणाली. "लई किरकिर करायची. तुझ्या आईपाशी मात्र गप निजायची, म्हणून तर तिच्याजवळ दिली."

"आणि नंतर आईला?"

"तिलाबी उठलं हुतं थोडं. तुझी आजी म्हनली, बोभाटा करू नका, बाईमाणसाला गोवर येतो व्हय कुठं." मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता म्हंजे आमच्या पोरीमुळं झालं म्हन्तीस का?"

"नाही काकू. कुणामुळंच नाही."

"मंग कशाला उकरायलीस? पिन लावली ती लावली. मेलेल्या मान्सांला सुखानं राहू दे."

मी परतताना बसमध्ये तिच्या प्रश्नाचाच विचार करत होते. तुझ्यावरचा दोष उचलून एका पाच वर्षांच्या पोरीवर ठेवायला मी निघाले होते का? नाही. त्या पोरीला ताप होता आणि तिला कुशीची गरज होती. आजीलाही विषाणू दिसला नसता, तो कुणालाच दिसत नाही. एवढं सगळं मी माफ करू शकते. पण पुढचं नाही.

धाकटी दोन महिन्यांची असताना तिच्या डोळ्यात पांढरं दिसलं आणि आपण तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तू मांडीवर तिला घेऊन स्टुलावर, आजी तुझ्या बाजूला, बाबा दाराशी, मी बाबांच्या मागे. त्या डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारला होता, आई. अंगावर पुरळ आलं होतं का? त्यांना ठाऊक होतं काय विचारायचं. आणि आजी म्हणाली, "न्हाई साहेब, तसलं काही न्हाई. हिनं ग्रहण पाळलं न्हाई." डॉक्टर किंचित हसले, मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. त्यांनी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुरळ तुझ्या अंगावर आलं होतं. तोंड तुला होतं. बाबांनीही तुझा चेहरा पाहिला होता, रोज त्याच घरात जेवत होते, पण ते दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. तू काय केलंस, हे तुला नंतर साऱ्या भावकीने विचारलं. तुला काय झालं होतं, हे एकदाच विचारलं गेलं आणि तेही दुसरीला.

आणि तू. तू का नाही बोललीस? मला याचाच सर्वांत जास्त राग येतो, आणि मग तुझ्यावर रागावल्याचा राग येतो. तुला आजीची भीती होती, की तुला खरंच पिनेचं पटलं होतं? मला वाटतं पटलं होतं. एवढ्याशा जिवाला असं का झालं याला काहीतरी कारण हवं होतं आणि पिन हातात होती. पुढे तू दर अमावस्येला काहीबाही उपास धरलेस, देवीला चोळी वाहिलीस, धाकटीच्या मूकबधिर शाळेच्या संमेलनात सर्वांत मागे उभी राहिलीस. तिने तिथे नाच केला होता, जमिनीतून येणारा ढोलाचा ठेका पायांनी धरून, आणि एकदाही चुकली नाही. तू टाळ्या वाजवल्या नाहीस. डोळे पुसत होतीस. त्या दिवशी तरी तुला अभिमान वाटायचा हक्क होता, आणि तो एका दीड इंची पिनेने खाल्ला.

परवा मी धाकटीच्या सासूबाईंना सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना फोनवरही समजावलं. सासूबाई खूप वेळ ऐकत राहिल्या, मग त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे रक्तात काही नाही," त्या म्हणाल्या. "मग राहू द्या. आमचं लेकरू चांगलं निपजेल म्हणायचं." त्यांनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला, फ्रीजमधून पेढे काढले. मलाही एकदम हलकं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या नावावरचा डाग त्या घरात धुतला गेला, मूल राहिलं, मी पेढा खाल्ला.

भांडी धुवायला स्वयंपाकघरात गेले तर धाकटी मागून आली. माझा खांदा धरून मला स्वतःकडे वळवलं. तिने 'चांगलं' ओठांवरून वाचलं होतं. तिचे हात भरभर चालले. रक्तातलं असतं तर? माझ्यासारखंच होणार असतं, तर तू त्यांना काय सांगितलं असतंस?

मी म्हटलं, हळू, समजलं नाही. तिने पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक खूण सुटी करून. मी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. मग तिने ओल्या बशा माझ्या हातातून घेतल्या आणि पुसायला लागली.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, आणि तिला वाचायला द्यायची माझी हिंमत नाही. म्हणून तुलाच सांगते. मला पहिल्याच वेळी समजलं होतं.